‘सांभाळून’ म्हणजे नेमकं काय करायचं?

मुलगा बॅट घेऊन दाराबाहेर पडतो आणि आतून आवाज येतो, ‘सांभाळून रे!’ मुलगी सायकल काढते, तिला ‘जपून जा गं!’ मे महिन्यात दोघं आजोळी निघतात तेव्हा एसटीच्या खिडकीखाली उभं राहून ‘नीट राहा, मस्ती करू नका.’ या शब्दांत माया भरपूर असते, पण सूचना एकही नसते. हात कुठे धरायचा, पाय कुठे थांबवायचा, नजर कुठे ठेवायची, यातलं नऊ वर्षांच्या मुलाला ‘सांभाळून’ या शब्दातून काहीच कळत नाही. तो ‘हो’ म्हणतो आणि पळतो. संध्याकाळी गुडघा फोडून आला की आपण म्हणतो, ‘तरी सांगितलं होतं!’ खरं तर आपण काहीच सांगितलेलं नसतं.

आपल्या तालमींना हे फार पूर्वी कळलं होतं. कुस्ती धरण्याआधी आखाड्यातली तांबडी माती उकरून भुसभुशीत करतात. मल्लखांबाच्या खांबाला एरंडेल चोळतात, खाली गादी ओढतात, आणि खांबावर चढण्याइतकंच खांबावरून उतरणंही शिकवतात. ज्युदोच्या वर्गात तर सुरुवातीचे धडे पडण्याचेच असतात. ‘पडू नकोस’ असं तिथे कोणी सांगत बसत नाही. पडायचं कसं, ते अंगात मुरेपर्यंत करून घेतात. घरीही हेच करायचं आहे. प्रत्येक धोक्यासाठी मुलाला एक ठरलेली कृती द्यायची, तीही डोळ्यांना दिसेल आणि अंगाला सवय होईल अशी.

शिकवण्याच्या तीन पायऱ्या

आधी स्वतः करून दाखवा. मग मुलाकडून दोन-चार वेळा करून घ्या. शेवटी त्यालाच विचारा, ‘असं नाही केलं तर काय होईल?’ उत्तर त्याच्या तोंडून आलं की ती गोष्ट त्याची होते. एका वेळी एकच गोष्ट शिकवा. निघायच्या घाईत दहा सूचना दिल्या तर त्यातली एकही लक्षात राहत नाही.

वयाप्रमाणे पद्धत बदला. पाच-सहा वर्षांच्या मुलाला छोटा, न बदलणारा नियम लागतो: ‘रस्त्यावर आईचा हात.’ आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कारण हवं असतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कारणापेक्षा जबाबदारी दिलेली जास्त आवडते, म्हणून धाकट्या भावंडाला शिकवायचं काम त्याच्याकडे द्या. शिकवता शिकवता तो स्वतः पक्का होतो.

खेळाआधी मैदानाची फेरी

मैदानात उतरल्यावर पहिली पाच मिनिटं सगळ्या मुलांनी मिळून एक फेरी मारायची. फुटक्या बाटलीच्या काचा, खिळे, दगड, उघडं चेंबर, लोंबणारी वायर, गोलपोस्ट हलतो आहे का, हे सगळं बघायचं. सापडलेली काच हाताने न उचलता मोठ्या माणसाला दाखवायची. पहिले चार दिवस तुम्ही बरोबर जा, पाचव्या दिवशी मुलंच एकमेकांना ‘फेरी झाली का?’ विचारू लागतील.

त्यानंतर दहा मिनिटं अंग गरम करणं: हलकं धावणं, खांदे, कंबर, घोटे फिरवणं. नखं कापलेली हवीत. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी ठेवायची. कबड्डीत आणि खो-खोत होणाऱ्या ओरखड्यांपैकी अनेक या एवढ्यानेच टळतात.

क्रिकेटमध्ये दोन गोष्टी करून घ्या. पहिली, फलंदाजाने बॅट हात लांब करून धरायची आणि सावकाश एक गोल फिरायचं. त्या वर्तुळात कोणीही उभं राहायचं नाही, यष्टिरक्षकसुद्धा. मागे उभ्या असलेल्या लहान मुलाच्या तोंडावर बॅट बसण्याचा प्रसंग गल्लीत नेहमीचा आहे. दुसरी, चेंडू बदलला की नियम बदलतात, हे समजावून द्या. टेनिस बॉल साठ ग्रॅमच्याही आत असतो, तर मोठ्यांचा सीझन बॉल सुमारे १६० ग्रॅमचा आणि दगडासारखा टणक. दोन्ही मुलाच्या हातात द्या, फरक त्याला हातालाच कळेल. सीझन बॉल आला की हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज आणि गार्ड याशिवाय क्रीझवर जायचं नाही. भारताकडून कसोटी खेळलेला रमण लांबा फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात एका क्लब सामन्यात हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला उभा होता. चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. कसलेल्या खेळाडूला जे चुकवता आलं नाही, ते दहा वर्षांच्या मुलाला चुकवता येईल असं आपण गृहीत धरू नये.

चेंडू रस्त्यावर गेल्यावर काय करायचं, याचा तर सरावच हवा. मुलांना सांगून मुद्दाम चेंडू फाटकाबाहेर टाका. नियम असा: फाटकापाशी सगळ्यांचे पाय थांबले पाहिजेत. मग ठरलेला एकच मोठा मुलगा उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघून चेंडू आणेल. सात-आठ वेळा हा खेळ खेळला की पाय आपोआप थांबायला शिकतात. चेंडूमागे धावणाऱ्या मुलाला त्या क्षणी फक्त चेंडू दिसत असतो. तेव्हा त्याला वाचवते ती पायाला लागलेली सवय. चेंडू ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणात, पत्र्यावर किंवा विहिरीत गेला तर तो ‘गेला’ असं मानायचं. पन्नास-शंभर रुपयांत दुसरा येतो.

उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार मैदान बंद. इतर वेळी दर वीस मिनिटांनी पाण्याची सुटी, तहान लागो न लागो. चक्कर, डोकेदुखी, मळमळ जाणवली की सावलीत येऊन सांगायचं. ‘मला बरं वाटत नाहीये’ हे वाक्य संघापुढे उच्चारायला मुलाला धैर्य लागतं, आणि ते धैर्य प्रशिक्षकाच्या वागण्यातून येतं. अकादमीत जाणाऱ्या मुलांसाठी आणखी एक अडाखा लक्षात ठेवा. मुलाचं जितकं वय, आठवड्यात साधारण तितकेच तास एका खेळाचा सराव. वाढत्या हाडांना विश्रांती लागते. खांदा, गुडघा किंवा टाच रोज दुखत असेल तर ते ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका.

पतंग, सायकल, दहीहंडी

संक्रांतीला मुलाच्या हातात सुती दोराच द्या. नायलॉनच्या आणि काच लावलेल्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. हा मांजा पक्ष्यांचे पंख कापतो, तसाच दुचाकीवरून जाणाऱ्या माणसाचा गळाही कापतो. बंदी आहे म्हणून नको, एवढंच मुलाला सांगू नका. तो दोर कोणाच्या गळ्यात अडकतो ते सांगा, म्हणजे दुकानात तो स्वतःच नको म्हणेल. गच्चीवर पतंग उडवताना एकच नियम पुरतो: मान वळवून पाहिल्याशिवाय पाऊल मागे नाही. कठडा कमरेपेक्षा खाली असेल तर त्या गच्चीवर पतंग नाही. विजेच्या तारेत अडकलेला पतंग काठीने काढायचा नाही, ओल्या दोऱ्याने तर नाहीच.

सायकल काढण्यापूर्वी तीन गोष्टी मुलाने हाताने तपासायच्या: चाकातली हवा, दोन्ही ब्रेक, चेन. हेल्मेट भुवयांच्या थोडं वर आणि आडवं बसलं पाहिजे. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटंच शिरली पाहिजेत. मागे ढकललेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं.

दहीहंडीच्या थरांवर १४ वर्षांखालील मुलांना चढवायला मनाई आहे. सगळ्यात वरच्या थरावर हलकं मूल लागतं, हे पथकाचं गणित झालं. आईवडिलांनी ते मान्य करू नये.

पाणी: विहीर, धबधबा, समुद्र

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्यातले १४ विद्यार्थी बुडाले. जून २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत लहान मुलंही होती. पाणी काही क्षणांपूर्वी कसं होतं यावर काही क्षणांनंतरचं पाणी ठरत नाही. डोंगरात वर कुठे पाऊस पडला तर खाली लख्ख उन्हातही लोंढा येतो. म्हणून मुलांना लोंढ्याच्या खुणा शिकवा: पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत आल्या, आवाज वाढला, की फोटो, चप्पल, डबा सगळं तिथेच टाकून काठावर वर चढायचं.

समुद्रावर गेल्यावर आधी गावातल्या माणसाला विचारायचं: ‘आता भरती आहे की ओहोटी? इथे ओढ कुठे आहे?’ हा प्रश्न मुलालाच विचारू द्या, कोळी बांधवांकडून त्याला पुस्तकात नसलेलं बरंच कळेल. लहान मुलांनी गुडघाभर पाण्यापुढे जायचं नाही आणि मोठ्या माणसाने त्यांच्या हातभर अंतरावर राहायचं. पाण्याने आत ओढलंच तर किनाऱ्याकडे सरळ पोहत दम संपवायचा नाही. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या ओढीतून बाहेर पडायचं. ते जमत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करून मदत मागायची.

गावी विहिरीत पोहायला शिकणं हा सुट्टीतला मोठा आनंद आहे, तो हिरावू नका. पाठीला डबा किंवा भोपळा बांधलेला हवा, काठावर पट्टीचा पोहणारा हवा आणि विहिरीत सोडलेला दोर हवा. पण सगळ्यात महत्त्वाचं शिकवायचं ते असं: मित्र बुडताना दिसला तर उडी मारायची नाही. घाबरलेला मित्र मिठी मारतो आणि दोघेही जातात. ओरडायचं, आणि हाताशी असेल ते फेकायचं किंवा पुढे करायचं: दोर, काठी, ओढणी, रिकामा कॅन. अंगणात एकाने ‘बुडणारा’ व्हावं आणि दुसऱ्याने पोटावर आडवं पडून त्याच्याकडे ओढणी टाकावी. मुलांना हा खेळच वाटेल, पण वेळ आली की हात तेच करतील.

रस्ता आणि प्रवास

साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ नीट घालता येत नाही. ‘एवढा मोठा झालास, एकटा जा’ म्हणताना हे ध्यानात ठेवायला हवं. एसटीतून किंवा स्कूलबसमधून उतरलं की गाडीच्या पुढून किंवा मागून लगेच रस्ता ओलांडायचा नाही. गाडी निघून जाऊ द्यायची, मग दोन्ही बाजू दिसतात. ‘ड्रायव्हरकाका तुला दिसत नसतील तर तूही त्यांना दिसत नाहीस,’ हे एकदा उभ्या बसच्या नाकासमोर मुलाला उभं करून आणि मग ड्रायव्हरच्या जागी बसवून दाखवा. व्याख्यानाची गरज उरत नाही.

दुचाकीवर चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळासाठी, चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट वापरावं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मागे बसलेल्या मुलाचा पाय चाकात जाण्याचे अपघात आपल्याकडे फार होतात. टाच सोलली जाते, कधी हाडही मोडतं. बसण्यापूर्वी मुलाने मोठ्याने म्हणायचं, ‘पाय फूटरेस्टवर, ओढणी आत, हात कमरेला.’ तीनही झालं की मगच किक मारायची.

चारचाकीत मूल मांडीवर घेतलं की ते सुरक्षित, हा समज आपल्याला सोडावा लागेल. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एकदम थांबली, तर आत सुटं असलेलं मूल ज्या जोराने पुढे आदळतं, तो साधारण सहा मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून, पडल्याइतका असतो. कोणत्याही आईच्या हातांना तो धरून ठेवता येत नाही. लहानांसाठी चाइल्ड सीट, मोठ्यांसाठी पट्टा, आणि मुलांची जागा मागेच. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर चालकाला १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. सनरूफमधून डोकं बाहेर काढायचं नाही. उतरताना दार त्या बाजूच्या हाताने उघडायचं नाही. उजवीकडे बसला असेल तर डाव्या हाताने उघडायचं, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी मोटरसायकल दिसते.

लोकलमध्ये किंवा रेल्वेत दारात उभं राहायचं नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय चढायचं-उतरायचं नाही. गर्दीत चुकामूक झाली तर तिथेच उभं राहायचं. शोधायला मोठी माणसं येतील. कोणी आलंच नाही तर गणवेशातल्या माणसाला किंवा मुलं बरोबर असलेल्या बाईला सांगायचं. आईबाबांपैकी एकाचा नंबर मुलाला तोंडपाठ हवा, कारण मोबाइलमुळे आता मोठ्यांनाही नंबर पाठ नसतात. रेल्वेची मदत १३९, मुलांसाठी १०९८, कोणत्याही संकटात ११२.

आणि एक गोष्ट पालकांसाठी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती ‘क्लासपुरती’ गाडी देऊ नका. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. पण दंडाच्या भीतीने नव्हे, समोरून येणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी मुलासाठी किल्ली वर ठेवा.

गावच्या सुट्टीत

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांची चित्रं मुलांना दाखवा. मारायला शिकवायचं नाही, लांबून ओळखून मागे सरायला शिकवायचं. रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि बूट. लाकडाच्या ढिगात, दगडाखाली हात घालायचा नाही. सकाळी बूट उलटा करून आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही, कारण विंचू तिथेच बसतो. साप चावला तर कापायचं, चोखायचं, आवळून बांधायचं नाही. अवयव हलू न देता थेट सरकारी दवाखान्यात न्यायचं. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात कितीतरी मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपाय शोधून हे मृत्यू खूपच कमी केले. उपाय आहे, तो वेळेत मिळाला पाहिजे. देवऋषीकडे गेलेला तास परत येत नाही.

अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही. हात अंगाशी धरून झाडासारखं स्थिर उभं राहायचं, डोळ्यांत पाहायचं नाही. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची.

लागलंच तर

प्रथमोपचार मुलांनाही यायला हवेत, कारण अपघाताच्या जागी पहिला पोहोचतो तो मित्रच.

• खरचटलं: वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. माती, हळद, चुना भरू नका. धनुर्वाताची लस कधी झाली ते तपासा.

• रक्त वाहतंय: स्वच्छ रुमाल ठेवून घट्ट दाबून धरा, मध्ये मध्ये उचलून पाहू नका.

• नाकातून रक्त: मान पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरा. मान मागे टाकली तर रक्त घशात जातं.

• पक्का दात मुळासकट पडला: मुळाला हात न लावता वरच्या भागाने उचला, दुधात ठेवा आणि शक्यतो अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे न्या. दात परत बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

• मुरगळलं, सुजलं: चोळू नका, ओढू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, आधार, आणि डॉक्टर.

• डोक्याला लागलं: बरं वाटलं तरी त्या दिवशी खेळ बंद. पुढचे एक-दोन दिवस लक्ष ठेवा. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, न उतरणारी गुंगी, बडबड, झटके, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा.

रागवायचं नंतर, की नाहीच?

लागून आलेल्या मुलाला पहिल्यांदा धपाटा मिळाला, तर पुढच्या वेळी तो लागलेलं लपवतो. डोक्याला चेंडू बसलेला असतो आणि मूल गुपचूप झोपून जातं. कुत्र्याचा ओरखडा पँटखाली दडतो. म्हणून लागल्याची बातमी आली की पहिलं वाक्य एकच असावं: ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ उपचार होऊ द्या, रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारा, ‘कुठे चुकलं? परत असं झालं तर काय करशील?’ आणि ती कृती लगेच करून घ्या. फुटलेल्या गुडघ्याइतका चांगला धडा दुसरा नाही, पण तो वाचून दाखवायला कोणीतरी शेजारी बसावं लागतं.

या सगळ्याचा अर्थ मुलांना घरात कोंडावं असा काढू नका. झाडावर न चढलेल्या मुलाला फांदीचा अंदाज येत नाही, आणि कधीच न पडलेल्या मुलाला पडताना हात कुठे टेकायचे ते कळत नाही. ओरखडे येऊ देत. जन्मभर पुरणारी इजा मात्र टाळायची.

हे शिकवायला लागलात की एक दिवस तुमची परीक्षा होईल. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायला तुम्ही स्कूटर काढाल आणि मागे बसलेली मुलगी विचारेल, ‘बाबा, तुमचं हेल्मेट?’ त्या क्षणी ‘इथेच तर जायचंय’ म्हणू नका. गाडी स्टँडला लावा, वर जा, हेल्मेट घालून खाली या आणि तिला सांगा, ‘बरं आठवण केलीस.’ पुढच्या वेळी कोणी तिला ‘सांभाळून’ म्हणेल, तेव्हा त्याचा अर्थ तिला पक्का ठाऊक असेल.